कुंभार्ली घाट, बारा नारळ आणि उपाशी रेल

२०२३ ची भाऊबीज उरकून आम्ही चिपळूणहून साताऱ्याला परत निघालो होतो. गाडीत मी, बायको, मुलगी आणि माझी आई. डिकीत सासूबाईंनी भरून दिलेलं अख्खं कोकण: नारळ, सुपारी, कुळथाचं पीठ, कोकमं आणि दोन हातांत मावणार नाही असा एक सुरण. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागलो. तिसरा गिअर, काटा बावीसशेच्या आसपास, पुढे एक सिमेंटचा ट्रक. ओव्हरटेकसाठी पाय दाबला. दोन-तीन सेकंद गाडी नेहमीसारखी उचलली आणि मग कुणी मागून दोर बांधून धरावी तशी थबकली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, पण काटा दोन हजारांच्या वर सरकेना. मागून एसटी हॉर्न मारतेय, आई रामरक्षा पुटपुटतेय.

कडेला घेतली. बंद केली, मिनिटभर थांबलो, चालू केली. गाडी अगदी शहाण्या मुलासारखी. पुढच्या दोन वळणांवर पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मी गाडी वळवली आणि उतारावरून घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर आणून लावली. ‘‘अहो, वजन जास्त झालंय,’’ बायको म्हणाली. मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून ते पटलं. टपरीवाल्याच्या हवाली बारा नारळ आणि तो सुरण केला. एकूण पंधरा-सोळा किलो. चार माणसं बसलेल्या गाडीला पंधरा किलोने काय फरक पडणार, हे गणित मी एरवी अकरावीच्या पोरांना तोंडी करायला लावतो. पण घाटात अडकलेला माणूस गणित करत नाही. पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावत, गाईच्या चालीने चढलो आणि गाडी एकदाही अडली नाही. मी श्रेय नारळांना दिलं.

गाडीबद्दल थोडं. २०१४ चं मॉडेल, दीड लिटरचं टर्बो डिझेल, कॉमन रेलवालं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; कॉमन रेल काय ते पुढे येईलच. मूळ मालक माझा मेव्हणा. २०२२ साली त्याच्याकडून मी घेतली, म्हणून नंबर अजून एमएच ०८. हा नंबर पुढे मला बराच महागात पडला, कारण साताऱ्यातल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडी बघण्याआधी पाटी बघितली.

‘‘चिपळूणची? पुरातली गाडी घेतली का काय सर?’’

२२ जुलै २०२१ चा पूर. मेव्हण्याचं घर डोंगराच्या अंगाला उंचावर आहे, तिथे पाणी पोचलंच नव्हतं. हे मी गॅरेजवाल्याला दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मग टर्बोकडे जाणारा रबरी पाईप सोडवला, आत बोट फिरवलं आणि तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं. ‘‘हे बघा. टर्बो गेला. खाली नीट चालते ना? वर गेलं की दम जातो. टर्बोच.’’ नवा बसवायचा तर ४२ हजार, दुरुस्त केलेला बसवायचा तर २८.

त्या पाईपला तेलाचा पातळ थर असतोच, इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलकट वाफ तिथूनच आत जाते, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ते बोट बघून माझ्या पोटात गोळा आला. तरी हो म्हटलं नाही. त्यात हुशारी नव्हती, ४२ हजार नव्हते.

घरी येऊन एक गोष्ट आठवली. गाडी थबकली तेव्हा मी आरशात बघितलं होतं, मागची एसटी किती जवळ आहे ते पाहायला. एसटी स्वच्छ दिसत होती. म्हणजे धूर नव्हता. टर्बो हवा देईनासा झाला किंवा टर्बोनंतरचा पाईप फाटला तर हवा कमी आणि डिझेल तितकंच, मग मागे काळा धूर सुटायला हवा. इथे धुराचा मागमूस नव्हता. हवा कमी पडत नसेल, डिझेलच कमी पडत असेल तर? मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हे डोक्यात यायला मला चार दिवस लागले, हे विद्यार्थ्यांना सांगितलेलं नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने ऑनलाइन सातशे रुपयांचं एक ब्लूटूथचं डबडं मागवलं. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या तपासणीचं सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं आणि मोबाइलवर बघायचं. दोन कोड निघाले. पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. आणि पी ००८७, म्हणजे रेलमधलं डिझेलचं प्रेशर फार कमी.

गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवरही हे दोन्ही दिसलेच असणार. त्याने त्यातला महाग निवडला, एवढंच. पण खरी गंमत कोड उमटला त्या क्षणाच्या नोंदीत होती. इंजिनचा दिवा पेटतो तेव्हा त्या वेळचे आकडे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जपून ठेवतो, आणि आमच्या गाडीत ते आकडे पी ००८७ च्या नावावर होते. म्हणजे आधी डिझेलचं प्रेशर पडलं. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. डिझेलच कमी जळलं तर एक्झॉस्टला जोर कुठला, आणि टर्बो दाब बनवणार कशाच्या बळावर? टर्बोने गुन्हा केला नव्हता, तो साक्षीदार होता.

इथे कॉमन रेलचा प्रवास सांगायला हवा, कारण पुढची सगळी शोधाशोध याच रस्त्यावर झाली. टाकीतून डिझेल निघतं, गाडीच्या पोटाखालून पाईपने पुढे येतं, फिल्टरमधून जातं आणि हाय प्रेशर पंपात शिरतं. पंप ते दाबून रेल नावाच्या जाड लोखंडी नळीत भरतो आणि रेलमधून ते इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांना मिळतं. आयडलला रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो, घाटात पूर्ण जोर लागला की तेराशे-चौदाशेच्या वर जातो. टायरमध्ये आपण सव्वादोन बार भरतो, त्यावरून अंदाज करा. काही गाड्यांत टाकीच्या आत विजेवर चालणारा छोटा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. आमच्या गाडीत तो नाही. हाय प्रेशर पंपाच्याच पोटात एक छोटा गिअर पंप आहे, तो टाकीपासून सगळं ओढून घेतो. ही बाब लक्षात ठेवा.

पहिला उपाय अर्थातच फिल्टर. अकराशे रुपये. जुना फिल्टर काढताना खालचा बोल्ट सोडला तर कपभर गढूळ पाणी आलं. नवीन फिल्टर बसवला, रबरी फुग्याचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून एअर काढली. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट झोकात चढलो. बायकोला फोन करून सांगितलं, अकराशेत काम झालं.

पंधरा दिवस टिकलं. पुण्याहून येताना खंबाटकीत, नेमकं त्या अरुंद वळणांवर, पिवळा दिवा.

या अर्धवट बरं होण्याने मला सगळ्यात जास्त चकवलं. आता मला वाटू लागलं की फिल्टर हे कारण नव्हतंच, तो योगायोग होता. आत काहीतरी मोठं आहे, पंप किंवा इंजेक्टर. खरं उलटं होतं. एकाच रस्त्यावर दोन ठिकाणी अडथळा असेल तर एक काढला की गाडी निघते, दुसरा वाढेपर्यंत. विजेच्या तारेत एकामागोमाग जोडलेले दोन रोध, हे तर मी फळ्यावर काढतो. एक गोष्ट मात्र बरी केली: जुना फिल्टर फेकला नव्हता. हॅकसॉने त्याचं डबं कापून आतला कागद उलगडला. कागदाच्या घड्यांवर काळा, बुळबुळीत थर होता. धूळ किंवा गंज असता तर बोटांना खरखरीत लागला असता. हा शेवाळासारखा सरकत होता. त्याचा अर्थ तेव्हा लावता आला नाही.

त्यानंतर एमआयडीसीतल्या एका पंप-नोझलवाल्यांकडे गेलो. ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबीचे पंप उघडण्यात चाळीस वर्षं गेलेले गृहस्थ; सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो. मी त्यांना मोबाइलवरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, ‘‘सर, हे रेलमध्ये किती आहे ते दाखवतंय. गाडीने मागितलं किती होतं?’’ आमच्या सातशेच्या डबड्याला ते दिसत नव्हतं. काकांचा मोठा स्कॅनर दोन्ही दाखवायचा. तो लावून यवतेश्वरला गेलो. भाचा शेजारी बसून आकडे वाचत होता, मी चालवत होतो. समर्थ मंदिर, बोगदा, मग चढ.

‘‘मामा, मागणी सहाशे, मिळतंय सहाशे.’’ चढ लागला. ‘‘तेराशे, तेराशे.’’ तिसऱ्या गिअरमध्ये पाय तळाला. ‘‘तेराशे पन्नास, बाराशे ऐंशी... अकराशे... मामा, साडेनऊशे, पडतंय!’’ आणि झटका.

काकांना ते पडण्याची रीत महत्त्वाची वाटली. इंजेक्टर परतीच्या नळीने टाकीकडे जास्त डिझेल सोडत असते तर गरम इंजिन सेल्फला लवकर उचललं नसतं. आमची गाडी एका टिचकीत चालू व्हायची. प्रेशर एकदम न पडता सहा-सात सेकंद जोर लागल्यावर ओसरत होतं. हौदातलं पाणी संपत यावं तसं.

तरी त्यांनी इंजेक्टर तपासले, आणि ती तपासणी बघण्यासारखी होती. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून तिथे सलाइनच्या नळ्या लावल्या, त्यांची टोकं चार सारख्या बाटल्यांत सोडली आणि बाटल्या बॉनेटच्या कडेला तारेने टांगल्या. दवाखान्याचा वॉर्डच. इंजिन आयडलला सोडून मी घड्याळ लावून बसलो. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला. चारही बाटल्या बोटभर फरकाने सारख्या भरल्या. ‘‘पोरं शहाणी आहेत,’’ काका म्हणाले.

मी विचारलं, मग हाय प्रेशर पंप उघडायचा का? त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे. ‘‘रेल उपाशी आहे, हे खरं. पण आधी ताटात वाढलंय का ते बघू. पोट फाडायची घाई कशाला?’’

याच सुमारास त्यांच्याकडचा एक नवीन पोरगा सतराचा पाना घेऊन इंजेक्टरच्या पाईपचा नट ढिला करायला निघाला होता, एअर निघावी म्हणून. जुन्या डिझेल गाड्यांत सर्रास असंच करतात. काका इतक्या जोरात ओरडले की माझ्याही हातातला चहा हिंदकळला. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनावर तो नट सोडला तर हजार बारच्या दाबाने निघालेली डोळ्याला न दिसणारी धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण आणि आत डिझेल. बोट कापावं लागल्याची उदाहरणं आहेत. हे वाचून घरी प्रयोग करणाऱ्यांनी फिल्टरच्या पुढे, पंपानंतरच्या लोखंडी पाईपांना पाना लावू नये. मीही लावला नाही.

तर ताट. काकांनी फिल्टर आणि पंप यांच्या मधला काळा पाईप काढून तिथे हातभर पारदर्शक नळी जोडली. आयडलला डिझेल काचेसारखं. रेस दिली की बारीक बुडबुडे, सोडा फोडल्यावर येतात तसे. मी लगेच म्हणालो, पाईप एअर घेतोय. ओढणाऱ्या बाजूला हेच तर असतं: पाईपला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे खाली जमिनीवर एक थेंब दिसत नाही. पण काका म्हणाले, थांबा. बुडबुडे दोन कारणांनी येतात. एक, बाहेरून हवा. दोन, मागून रस्ताच बंद असेल तर पंप इतका जोर लावतो की डिझेलमध्ये मुरलेली हवाच सुटते. यातलं कुठलं, ते व्हॅक्यूम गेज सांगेल. हवा शिरत असेल तर काटा फारसा चढणार नाही. रस्ता बंद असेल तर चढतच जाईल.

गेज गाडी चालताना बघायला हवं, कारण जागेवर रेस देऊन डिझेल लागतंच किती? डिझेलची नळी केबिनमध्ये घ्यायची नव्हती. म्हणून फिल्टरच्या आधी टी जोडून नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज बाहेरूनच पुढच्या काचेवर पॅकिंगच्या चिकटपट्टीने चिकटवलं, वायपर बंद ठेवायची स्वतःला ताकीद देऊन. बोगद्याजवळ दोन माणसं वळून बघत होती.

सपाटीला पाऱ्याचे तीन-चार इंच. चढाला सात. पाय तळाला टेकवल्यावर काटा अकरा, चौदा, सतरा असा सरकत गेला आणि सतराच्या पुढे गेल्यावर पिवळा दिवा. काकांचा अंदाज असा की पाच-सहाच्या वर जायला नको. गेज फिल्टरच्या आधी होतं, म्हणजे फिल्टर निर्दोष. अडथळा त्याच्याही मागे, पाईपमध्ये नाहीतर टाकीत. पंप ओढत नाही, बाहेरच्या हवेचा दाब ढकलतो, हे वाक्य मी दर जूनमध्ये वर्गात म्हणतो. हवेने ढकलायचं तरी किती, त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा माझ्याच काचेवर चिकटवलेली होती.

टाकीचं झाकण एव्हाना दोनदा उघडून बघितलं होतं. फुस्स आवाज नाही, म्हणजे टाकीचा श्वास चालू होता.

टाकी उतरवण्याआधी काकांनी एक खात्री करून घेतली, आणि या सगळ्या प्रकारात मला तीच सर्वांत आवडली. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात नवीन डिझेल, तो बॅटरीच्या शेजारी दोरीने घट्ट बांधला. टाकीकडून येणारा पाईप बंद करून फिल्टरची नळी कॅनमध्ये, आणि परतीची नळीही कॅनमध्ये. नाहीतर कॅन दहा मिनिटांत टाकीत रिकामा. गाडीसाठी आता टाकी उरलीच नव्हती. (पेट्रोलच्या गाडीवर हा खेळ कदापि करू नका. डिझेलवरही गरम भागांपासून लांब आणि जाणत्या माणसासोबतच.) काका स्वतः शेजारी बसले. यवतेश्वरच्या त्याच चढावर, त्याच वळणावर पाय तळाला टेकवला. मागणी चौदाशे, मिळतंय तेराशे नव्वद. सहा सेकंद, दहा सेकंद, वळण संपलं. टर्बोची ती बारीक शीळ, जी मी दीड महिना ऐकली नव्हती, ती कानावर आली. माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा काका फक्त म्हणाले, ‘‘झालं. आता टाकी.’’

टर्बो, पंप, चार इंजेक्टर, सेन्सर: सगळे एका फेरीत निर्दोष सुटले. त्या कॅनमधलं डिझेल नंतर गाडीतच ओतलं, म्हणजे खर्च असा काही नाहीच.

टाकीचं तोंड मागच्या सीटखाली. गादी उचलली, पत्र्याचं झाकण काढलं, त्याखाली फ्लोट असेंब्ली (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता फ्लोट आणि डिझेल ओढणारी नळी) आवळून धरणारी प्लास्टिकची मोठी रिंग. ती लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकत सोडवली. असेंब्ली वर आली आणि तिच्या तळाला, जिथून डिझेल ओढलं जातं तिथली जाळी दिसेना. जाळी होती, पण तिच्यावर काळ्या-तपकिरी लिबलिबीत गोळ्याचं आवरण होतं, गाळणीत चहाचा चोथा दाबून बसावा तसं. बोटाने ओढलं तर सलग सालीसारखं निघालं. डिझेलच्या वासाच्या खाली एक कुजका वास.

काकांनी तळातलं डिझेल हातपंपाने उपसून काचेच्या बरणीत घेतलं आणि ती खिडकीत ठेवली. अर्ध्या तासाने बरणीत तीन थर झाले. वर सोनेरी डिझेल, तळाला गढूळ पाणी आणि दोघांच्या मध्ये अगदी सीमेवर दुधावरच्या सायीसारखा तपकिरी पडदा. बरणी हलवली की पडदा लाटेसारखा वाकायचा, पण फाटायचा नाही.

तो जिवंत होता. जीवाणू आणि बुरशी. पाण्यात राहायचं आणि वरचं डिझेल खायचं असा त्यांचा संसार. यातली एक बुरशी, हॉर्मोकोनिस रेझिने, विमानांच्या केरोसीनच्या टाक्यांत फार आधीपासून कुप्रसिद्ध आहे. मला फक्त पाणी कुठून आलं ते कळेना. मेव्हण्याला फोन लावला. मार्च २०२० मध्ये तो मुंबईत अडकला आणि गाडी चिपळूणला शेडमध्ये उभी राहिली, ती थेट नवरात्रात हलली. टाकी किती भरली होती? ‘‘अर्धी असेल दाजी.’’ अर्ध्या रिकाम्या टाकीत कोकणातली हवा, त्यात अख्खा पावसाळा. रात्री पत्रा गार पडला की आतल्या बाजूला दव, ते ओघळून तळाला. पूर नव्हताच, पण पाणी आलं होतं. गॅरेजवाल्याचं पाटी बघणं अगदीच फुकट गेलं नाही, असं आता कबूल करावं लागतं.

बंद करून चालू केली की गाडी शहाणी का होते, तेही इथे उलगडलं. मला वाटायचं, ईसीयू नव्याने सुरू होतो म्हणून. ते अर्धं खरं. दुसरं अर्धं म्हणजे इंजिन थांबलं की ओढ थांबायची, जाळीला चिकटलेली साल सैल पडून थोडी बाजूला तरंगायची. पुन्हा जोर लावला की पुन्हा येऊन बसायची. दुसऱ्या गिअरच्या हलक्या चालीत तिला ओढून घेण्याएवढा जोरच नव्हता. नारळ तिथेही निर्दोष.

टाकी उतरवून धुतली, पाईपमधून हवा मारली, नवीन जाळी, पुन्हा नवीन फिल्टर. मजुरीसकट साडेपाच हजारांच्या आत. काकांनी बजावलं की पाचशे किलोमीटरला फिल्टर बदला आणि दोन हजारला परत, कारण कोपऱ्यात राहिलेलं काहीतरी येणारच. दोन्ही फिल्टर मी कापून बघितले. पहिल्याचा कागद चहाच्या रंगाचा, दुसरा जवळजवळ कोरा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवड्याने सकाळी गाडी चालू होताना कुरकुरू लागली. रात्रभर उभी राहिली की सेल्फ पाच-सहा सेकंद मारायला लागायचा; दिवसभर पुन्हा एका टिचकीत. यावेळी मी कुणाकडे गेलो नाही. पारदर्शक नळीचा तुकडा घरी होता, तो संध्याकाळी जोडून ठेवला आणि सकाळी बॉनेट उघडलं. नळीत वीतभर पोकळी. डिझेल रात्रीत मागे सरकलं होतं आणि त्याची जागा हवेने घेतली होती. ही मात्र खरीखुरी एअर. फिल्टरच्या तोंडावरचा क्विक कनेक्टर काढून आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, भिंगाखाली धरली तर तिला नखाएवढी चीर. हे माझंच कर्तृत्व. महिन्याभरात तो कनेक्टर दहा-बारा वेळा काढला-घातला होता, त्यातले निदान चार वेळा मी, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून. रिंग वीस रुपयांना मिळाली. बसवताना तिला डिझेलचं बोट लावलं, हे काकांना बघून शिकलो होतो.

पुढे मे महिन्यात आंब्यासाठी चिपळूणला गेलो. परतीला चौघं, डिकीत चार पेट्या, नारळ, आणि यावेळी फणससुद्धा. पोफळीला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने माझ्याकडे, मग नंबर प्लेटकडे, मग परत माझ्याकडे बघितलं.

‘‘दिवाळीत नारळ ठेवून गेलेले, ते तुम्हीच ना?’’

‘‘मीच. आहेत का अजून?’’

‘‘नारळ कुठले राहतात हो! सुरणाची मात्र मागे लावण केलीय. दिवाळीला या, काढून देतो.’’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे पैसे दिले, गाडी तिसऱ्यात टाकली आणि घाटाला लागलो.